जिप्सीचं हूड फाटलंय, नवीन परवडत नाही

मे महिना लागला की सगळ्यांना जीप-रिक्षाचं हूड, म्हणजे रेक्झिनचं छत, आठवतं. वर्षभर ते डोक्यावर फडफडत असतं तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. वळवाची एक सर आली की आमच्या हुडाच्या दुकानात रांग लागते आणि या सदराकडं पत्रं येतात. यंदा सगळ्यांत मोठं पत्र जांबोटीकडचं आहे, त्यालाच जास्त जागा देते. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : अक्का, नमस्कार. माझ्याकडं जुनी मारुती जिप्सी आहे. लष्कराच्या लिलावातून निघून दोन-तीन हात फिरून माझ्याकडं आली. शेताला, डेअरीला, कधी चोर्ल्याकडं, अशी रोज पळते. रेक्झिनचं हूड मधल्या लोखंडी कमानीवर आडवं फाटलंय. वीतभर होतं, आता हातभर झालंय. पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा पॅच मारून घेतला, तो चार दिवसांत निघाला. मग झटपट गोंदानं कडा जोडल्या, तर जोड कडक झाला आणि त्याच्या शेजारून नवी फाट गेली. शहरात नवीन हूडचा दर विचारला आणि गप घरी आलो. दोन हजारांत काही होईल का? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.
एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : होईल की. पण गोंदाची डबी आणायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या, नाहीतर ते दोन हजारही पाण्यात जातील.

पहिलं, कापडात अजून जीव आहे का? फाटीच्या शेजारचं रेक्झिन चिमटीत धरा, दुमडा आणि घडीवर नखानं दाबा. नुसती घडी पडली आणि सोडल्यावर गेली, तर कापड जिवंत आहे. घडीवर पांढरी रेघ उठली आणि वरचा थर पापडासारखा तडकला, तर ते मेलंय. रेक्झिन म्हणजे खाली विणलेलं कापड आणि वर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडकच असतं, नळाचा पाइप बघा ना. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हानं ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं आणि राहतं ते कडक साल. कुठलंही पॉलिश लावा, ते द्रव्य परत आत जात नाही. दुकानदार म्हणतो जाईल, त्याला म्हणू दे.

अशी चाचणी चार-पाच ठिकाणी करा. जिप्सीचं हूड बहुतेक वेळा छतावर मरतं आणि बाजूच्या पडद्यांना धडधाकट असतं, कारण ऊन वरून पडतं. तुमचं तसं निघालं तर ठिगळावर पैसे घालू नका. छताचा तेवढाच तुकडा उसवून घ्या, तोच नवीन कापडावर ठेवून आखा आणि बदलून टाका. चेन, पडदे, मागचं प्लास्टिक, बटणं सगळं जुनंच राहतं. हूडच्या किमतीत जास्त भाग याच सामानाचा आणि ते बसवायच्या मजुरीचा असतो. रेक्झिनचा पन्हा साधारण 54 इंच येतो, त्यामुळं छताचा तुकडा कसा निघतो ते मोजूनच मीटर सांगा. दुकानदाराच्या अंदाजावर सोडलात तर अर्धा मीटर उगाच घरी येतो.

दुसरं, ते तिथंच का फाटलं? कमानीवर आडवी फाट असली की मी आधी लोखंड बघते. हूड उतरवा आणि कापसाचा बोळा कमानीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू ओढत न्या. हात फिरवून कळत नाही, आपल्या हाताला घट्टे असतात. जिथं कापसाचा तंतू अडकेल तिथं गंजाचं कुसळ नाहीतर वेल्डिंगचा खडा असणार. कानस मारा, पॉलिशपेपर घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या. तो पुरता वाळला की त्यावर जुन्या सीटबेल्टची पट्टी किंवा जाड कॅनव्हास गुंडाळा. स्पंज गुंडाळू नका, तो पाणी धरतो आणि खालून परत गंज चढतो. सायकलची ट्यूबही नको. रबर पीव्हीसीला लागून राहिलं की डाग उठतो आणि तो धुऊन जात नाही.

कमानींना जोडणारे कापडी पट्टे पण बघा. ते सैल झाले की गाडी पळताना कमान मागंपुढं हलते आणि रेक्झिन घासून घासून खाते. हायवेला वेग वाढवल्यावर छत ढोलासारखं वाजत असेल तर पट्टे सैल आहेतच म्हणून समजा. पट्टा बदलणं म्हणजे दोन शिलायांचं काम आहे. वडापच्या जीपा होत्या तेव्हा आमचे मामंजी नवीन हूड घ्यायला आलेल्या ड्रायव्हरला आधी पट्टे बदलून परत पाठवायचे. धंदा बुडवणारा माणूस म्हणून सासूबाई करवादायच्या.

आता तुमचे दोन्ही प्रयोग का फसले ते सांगते. पंक्चरचं सोल्यूशन रबराला रबर धरतं. रेक्झिन रबर नाही, त्यामुळं ते नुसतं वरवर बसलं. झटपट गोंद धरतो घट्ट, पण वाळला की काचेसारखा कडक. हूड तर दिवसभर हलतं. मग जिथं कडक आणि मऊ भेटतात तिथं ते मोडणारच. नळाच्या पाइपाचं सोल्यूशन, एम-सील, हेही त्याच कारणानं नको. आणि सिलिकॉन तर अजिबात नको. एकदा ते लावलं की त्याच्यावर पुढं ना गोंद बसतो ना रंग. सिलिकॉन फासलेलं हूड आलं की माझा अर्धा दिवस ते खरवडण्यात जातो आणि मजुरी मागितली की गिऱ्हाईक माझ्याकडं संशयानं बघतं.

कापड जिवंत आहे असं धरून पुढचं सांगते.

हूड काढून सतरंजीवर पालथं पसरा. सावलीत, पण दिवसा उबदार असताना. आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, मग स्वच्छ पाणी, मग पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे आतल्या कापडालाही ओल लागता कामा नये. पॅच बसणाऱ्या जागेवरून नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. सॅनिटायझरनं भागवू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि गोंद घसरतो. थिनर आणि पेट्रोल तर दूरच ठेवा, ते वरचा थर खातात. जुना झटपट गोंद कडेला दगड होऊन बसला असेल, तेवढी कड ब्लेडनं कापून टाका. जीव तुटतो, पण ती ठेवून उपयोग नाही.

फाटीच्या दोन्ही कडा जवळ आणा, एकमेकींवर चढवू नका. बाहेरच्या अंगानं रंगाऱ्याची कागदी टेप लावून त्यांना तसंच धरून ठेवा. मग आतून पॅच. फाटीच्या चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्त येईल एवढा कापा आणि कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा पहिल्याच महिन्यात उचलतो. पॅचला जाड कॅनव्हास घ्या किंवा त्याच जातीचं रेक्झिन. रेक्झिन असेल तर त्याची कापडाची बाजू हुडाच्या कापडाला लागेल असं ठेवा.

गोंद कुठला, यावर दुकानादुकानांत वाद आहेत. माझं म्हणणं असं. हुडाच्या आतल्या अंगाला कापड आहे. तिथं कापडाला कापड चिकटवायचंय, तर सुतार सनमायकाला लावतात तो रबराचा पिवळा गोंद, एसआर 998 सारखा, चालतो. बाहेरच्या अंगाला पीव्हीसी आहे. तिथं हाच गोंद काही दिवस धरतो आणि मग रेक्झिनमधलं ते तेलासारखं द्रव्य त्याच्यात उतरून त्याचा चिकट लगदा होतो. म्हणून बाहेरून काही चिकटवायचं झालं तर पीयू सोल्यूशन, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद, घ्या. बुटाचे सोल चिकटवणाऱ्या कारागिराकडं ते असतं. निपाणी-अथणीकडं जाणं असेल तर तिथं चपलांचे कारागीर भरपूर. कोल्हापुरी चपलेच्या 2019 च्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या, नोंदणीत आपला बेळगाव जिल्हाही आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. अस्सल कोल्हापुरीची शिवण चामड्याच्या वादीची असते, पण बाकीची पादत्राणं जोडणाऱ्याकडं पीयूची डबी सापडतेच.

गोंद दोन्ही अंगांना, पॅचला आणि हुडाला, पातळ फासा. जाड थर म्हणजे पक्कं काम, असं नसतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटलं पाहिजे, पण बोटावर गोंद येता कामा नये. मग एका कडेनं पॅच बसवत जा आणि लाटण्यानं मधून बाहेर दाबत जा. एकदा टेकला की हलवता येत नाही, म्हणून कुणाला तरी दुसरी बाजू उचलून धरायला सांगा. वर फळी ठेवा, फळीवर दगड, आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका.

ताण येणाऱ्या जागी नुसत्या गोंदावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी फाटीच्या दोन्ही बाजूंनी, कडेपासून पाव इंच आत, दाभणानं टाके घाला. पॅचसकट सगळे थर एका टाक्यात यायला हवेत. टाका इकडून आत, तिकडून बाहेर असा तिरपा, क्रिकेटच्या बॉलची नव्हे, बेसबॉलच्या बॉलची शिवण असते तसा. टाक्यात अंतर ठेवा, इंचाला तीनच्या वर नकोत. लोक मजबुतीसाठी दाट शिवतात आणि पोस्टाच्या तिकिटाला पाडतात तशी भोकांची रांग पाडून ठेवतात, मग तिथूनच सरळ फाटतं. फाट जिथं संपते त्याच्यापुढं अर्धा इंच शिवत जा. दोरा पॉलिस्टरचा घ्या आणि मेणावरून ओढून घ्या. सुती दोरा आपल्या पावसात कुजतो, नायलॉन उन्हात पॉलिस्टरच्या आधी हार खातो. गाठी आतल्या बाजूला. शेवटी टाक्यांच्या भोकांवर बाहेरून पीयूचं बोट फिरवा.

पैशाचं म्हणाल तर गोंद, दोरा, अर्धा मीटर कॅनव्हास आणि दाभण मिळून तुमच्या दोन हजारांतले निम्म्याहून जास्त उरतील. उरलेल्यात पट्टे बदलून घ्या. हूड परत चढवल्यावर पावसाची वाट बघत बसू नका. एकाला गाडीत बसवा आणि वरून शिवणीवर तांब्यातांब्यानं पाणी सोडा. आणि दोन कमानींच्या मध्ये पाणी साचून डबकं होतंय का ते बघा. दहा लिटर साचलं तर दहा किलोचं पोतं छतावर ठेवल्यागत आहे. तसं होत असेल तर परत पट्टे ताणा.

प्रश्न : अक्का, बाबांच्या जुन्या महिंद्रा जीपच्या हुडाला मागं प्लास्टिकची काच आहे. ती इतकी पिवळी झालीय की मागचा ट्रक दिसत नाही, फक्त हॉर्न ऐकू येतो. टूथपेस्टनं घासली की स्वच्छ होते असं मित्र म्हणतो. खरं का?
एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : बाळ, तुझा मित्र अर्धा खरा आहे. वरवरचा धूसरपणा आणि बारीक ओरखडे असतील तर टूथपेस्ट थोडं काम करते, कारण ती बारीक खरखरीत असते. प्लास्टिकचं पॉलिश त्याहून बरं. पण पिवळेपणा आतपर्यंत मुरलेला असतो, तो घासून जात नाही. आधी नखाएवढा कोपरा घासून तपास. घासलेला भाग आणि न घासलेला भाग सारखाच पिवळा दिसला की घासणं थांबव आणि प्लास्टिक बदल.

बदलायला पारदर्शक पीव्हीसी शीट लागतं. पाऊण ते एक मिलिमीटर जाड घे, पातळ घेतलंस तर वाऱ्यानं फुगतं. बाजारात जेवणाच्या टेबलावर टाकायचं शीट मीटरवर मिळतं आणि स्वस्त पडतं, पण ते उन्हासाठी केलेलं नसतं आणि लवकर पिवळं पडतं. दुकानात नीट विचार, गाडीच्या हुडासाठीचं दे म्हणून. गुंडाळलेलं घे, घडी घातलेलं घेऊ नको, ती घडी जन्मभर दिसत राहते.

शिवताना जुनं प्लास्टिक आधी काढू नये, ही गोष्ट नवीन कारागिरालाही ठाऊक नसते. नवं शीट जुन्यावर ठेवायचं, चारही बाजूंनी शिवायचं आणि मग जुनं आतून कापून काढायचं. आधी काढलंस तर मागचा पडदा लुळा होतो, माप हलतं आणि काच तिरकी बसते.

नवी बसल्यावर कोरड्या फडक्यानं पुसायची नाही. तुमच्या निपाणी-संकेश्वरच्या रस्त्यावरची धूळ म्हणजे पॉलिशपेपरच. आधी पाणी ओत, मग ओल्या मऊ कापडानं. घरातल्या काचेचा अमोनियावाला स्प्रे मारलास तर ती ढगाळ होईल. आणि डिसेंबरात सकाळी थंडीत मागचा पडदा गुंडाळू नको, प्लास्टिक तेव्हा कडक असतं आणि तडकतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची रिक्षा आहे. हुडाची शिवण दोन जागी उसवलीय, कापड चांगलं आहे. माझ्याकडं घरचं शिलाई मशीन आहे, ब्लाउज आणि फॉल-पिको करते. मी शिवलं तर चालेल का? मशीन बिघडेल अशी भीती घरच्यांना वाटते.
एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, शिवा. कापड चांगलं आणि नुसता दोरा गेलाय, म्हणजे सगळ्यांत सोपं काम तुमच्याच वाट्याला आलंय. दोन थर घरच्या मशीनमधून जातात. जिथं चार थर आणि पायपिंग एकत्र येतं तो कोपरा मात्र मशीनला घालू नका, तिथं हातानं दाभण.

सुई 18 नंबरची लावा, ब्लाउजची सुई मोडेल. टाका मशीनमध्ये जितका लांब होतो तितका लांब ठेवा. मोटर असेल तर बंद करा आणि पहिले काही टाके हातानं चाक फिरवून घाला, सुई अडते की जाते ते हाताला कळतं. रेक्झिन प्रेसर फूटला चिकटून पुढं सरकत नाही आणि टाके एका जागी गोळा होतात. त्यासाठी वर पतंगाचा कागद ठेवून त्याच्यासकट शिवा, नंतर कागद फाडून काढा. टाचण्या लावू नका. रेक्झिनला पडलेलं भोक कधी बुजत नाही, कापडासारखं ते मिटत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. जुनी भोकं धड असतील तर हातानं त्यांच्यातूनच दोरा घाला, ताणून लांबट झाली असतील तर नवी शिवण एक सेंटिमीटर सरकवून घ्या.

आणि रिक्षा पुसायला मिस्टर डिझेल वापरत असतील तर ते बंद करायला सांगा. चकाकतं दोन दिवस, पण रेक्झिनचा जीव जातो. खोबरेल तेलाचंही तेच, वर धूळ बसते ती वेगळीच. आमच्याकडं गोकाकचा गिऱ्हाईक कन्नडात सांगतो आणि खानापूरचा मराठीत, पण डिझेलनं पुसायची सवय दोघांची एकच.

प्रश्न : सॉफ्ट टॉपची थार आहे. पावसाळ्यात छताच्या आत काळे ठिपके पडलेत, वास येतो. ब्लीच मारू का?
एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नको. ब्लीचनं ठिपके जातील आणि त्याच्याबरोबर शिवणीचा दोराही कमजोर होईल. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून मऊ ब्रशनं घासा, धुवा, मग छत ताणून बसवलेल्या अवस्थेत दारं उघडी ठेवून वाळवा. ठिपके येतात ते ओलं छत गुंडाळून ठेवल्यामुळं. भिजलेलं छत घरी आल्यावर त्याच रात्री उलगडा, कंटाळा आला तरी.

प्रश्न : या सगळ्या कटकटीपेक्षा जीपला पत्र्याचं किंवा फायबरचं पक्कं छत बसवलं तर?
एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : बसवणारे पुष्कळ मिळतील. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली, नोंदणीत जी रचना आहे ती मनानं बदलता येत नाही. आधी आरटीओत विचारा, मग फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम द्या. बहुतेक जण उलटं करतात आणि गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी छत सोडवून घ्यायला माझ्याच दारात येतात. जुनं हूड तोवर त्यांनी भंगारात घातलेलं असतं.